दोनशे छप्पन्नवर थांबलेला आकडा

त्या कारखान्याच्या मालकाच्या जावयाचा मला आजही राग येतो. वय झालं की राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही, आणि तो निववायची मला गरजही वाटत नाही. पण त्या आठवड्यात मी स्वतः जे केलं ते सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, म्हणून दोन्ही सांगते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात उद्यमनगरात पंपांच्या भागांचं ओतकाम करणारी एक फौंड्री होती. तिथे मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. घर गारगोटीला, शहरात मावशीकडे राहायची. बीएस्सी झाल्यावर सहा महिन्यांचा कोर्स केला होता, आणि त्या कोर्सच्या जोरावर मी कारखान्यातली एकटी बाई होते. आमच्याकडे बायकाही घरात ‘आलो, गेलो’ म्हणतात. पहिल्याच दिवशी मी जावईसाहेबांना ‘साहेब, मी आलो’ म्हटलं आणि ते ऑफिसभर ऐकू जाईल असे हसले. त्यानंतर मी तिथे ‘आले, गेले’ म्हणायला शिकले.

कॉम्प्युटर आणायचा हट्ट जावईसाहेबांचा. मोठे मालक, म्हणजे त्यांचे सासरे, स्वतः साचे भरण्यापासून वर आलेले. त्यांना ही पेटी नको होती. जावयाने सहा महिने मागे लागून ती आणवली. त्यामुळे पेटी नीट चालली तर तो जावयाचा विजय आणि बिघडली तर सगळ्या कारखान्यासमोर त्याची फजिती, असं होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवसांत कळलं.

साचे पाडायचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, ठेवायच्या खोलीला प्लायवूडचं पार्टिशन घालून त्यात एसी बसवला. चपला बाहेर. पहिल्या दिवशी पडद्याला कुंकू लावलं, हार घातला, नारळ मात्र बाहेरच्या पायरीवर फोडला, कारण पाणी आत उडेल अशी भीती. खोलीच्या किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक जावईसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि एक वायरमनकडे.

वायरमनना सगळे चाचा म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, अंगाने बारीक, कानावर कायम पेन्सिल. त्यांचं घराणं शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारं. वडील पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी बसवत. चाचा स्वतः या कारखान्यात बावीस वर्षं होते. सकाळी आठला ते खोली उघडून स्टॅबिलायझर आणि एसी लावत, नऊला मी येईपर्यंत खोली गार झालेली असे. मला ते बाई म्हणत, अहोजाहो करत. कारखान्यात मला अहोजाहो करणारे तेवढे एकच.

मशीन सुरू केलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा वर चढत जाई. आतल्या मेमरीची ती मोजणी. चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, असं करत तो सहाशे चाळीसवर थांबे, मग आवाज होई आणि डॉस सुरू होई. डॉस म्हणजे मशीन चालवणारी मूळ प्रणाली, बाकीचे सगळे प्रोग्रॅम तिच्या अंगावर चालतात. सहाशे चाळीस के म्हणजे आज हातातल्या फोनलाही हसू येईल, पण तेव्हा याहून जास्त आम्ही कुठे पाहिलं नव्हतं. मशीनबरोबरच्या कागदावरही तोच आकडा होता.

कोर्सच्या सरांनी शिकवलं होतं की रोजचं रजिस्टर ठेवा. तारीख, सुरू केल्याची वेळ, मेमरीचा आकडा, सही. मी ठेवलं. पहिला महिना रोज आकडा बघून लिहिला. मग कंटाळा आला. आकडा कधी बदलतच नाही तर बघायचं कशाला? मी वरच्या आकड्याखाली दोन टिकल्या द्यायला लागले. वरीलप्रमाणे. पुढे पुढे तर मशीन मोजत असताना मी डबा कपाटात ठेवत असे, पदर सारखा करत असे, आणि परत येऊन टिकल्या देत असे. पानभर टिकल्या.

एका गुरुवारी चुलत बहिणीचा साखरपुडा होता म्हणून मी रजा घेऊन गारगोटीला गेले. शुक्रवारी परत आले. सगळं जिथल्या तिथे होतं. पुढचे दहा-अकरा दिवस मी नुसती पत्रं आणि कोटेशनं टाइप करत होते. ते काम कमी मेमरीतही होतं, त्यामुळे काही अडलं नाही.

मग एका मंगळवारी दुपारी पुण्याहून दोन फ्लॉपी आल्या. कुठल्या भट्टीचा रस कुठल्या साच्यात कधी ओतायचा याचं वेळापत्रक मांडणारा प्रोग्रॅम, खास आमच्यासाठी लिहून घेतलेला. जावईसाहेब मागे खुर्ची टाकून बसले. मी फ्लॉपी घातली, नाव टाइप केलं. एक ओळ आली. तिचा अर्थ, मेमरी पुरेशी नाही.

“परत कर,” ते म्हणाले.

परत केलं. तीच ओळ. मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि कितीतरी दिवसांनी कोपऱ्याकडे बघितलं. आकडा दोनशे छप्पन्नवर थांबला. डॉसला किती मेमरी दिसते ते विचारायची एक आज्ञा असते, ती दिली. डॉसलाही तेवढीच दिसत होती.

“साहेब, मशीनला मेमरी पूर्ण दिसत नाहीये,” मी म्हटलं. “सहाशे चाळीस पाहिजे, दोनशे छप्पन्नच दिसतेय.”

“दिसत नाही म्हणजे काय? त्याला चष्मा लागलाय?” दार उघडं होतं आणि बाहेर टायपिस्ट आणि स्टोअरवाला ऐकत होते. त्यांना ऐकू जावं म्हणूनच ते बोलत होते. “आजपर्यंत चालत होतं ना? काय केलंस तू?”

“मी काही केलं नाही.”

“मग आपोआप झालं. लोखंड आपोआप वितळत नाही आणि मशीन आपोआप बिघडत नाही. कोर्स करून आलीस ना? मग सांग.”

कोर्समध्ये पेटी उघडून कुणी दाखवलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मशीन विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याच्या गाडीने आला. टाय, ब्रीफकेस, आणि माझ्याकडे न बघता बोलायची सवय. मी खुर्चीवरून उठले तरी तो ‘जरा सरका’ असं म्हणाला, भिंतीशी बोलावं तसं. त्याने स्वतःची फ्लॉपी घातली, दोन आज्ञा दिल्या, आणि म्हणाला, “मशीन दोनशे छप्पन्न म्हणतंय म्हणजे आत तेवढीच आहे. आम्ही सहाशे चाळीस बसवून दिली होती, पोचपावतीवर तुमची सही आहे.” मग त्याने पेटी भिंतीपासून ओढली आणि मागे बोट लावलं. जोडावर कंपनीचा कागदी शिक्का चिकटवलेला असे. तो मधोमध फाटला होता.

“कुणीतरी उघडलंय,” तो म्हणाला. “चिपा काढल्या असणार. पुण्या-मुंबईत त्या हातोहात जातात. सील तुटलं की आमची जबाबदारी संपली.”

“उघडून बघा तरी,” मी म्हटलं.

“बघायला काय आहे? आकडा समोर आहे.” आणि जावईसाहेबांना म्हणाला, “आधी हे कोणी केलं ते शोधा. मग नवीन मेमरी मागवा, मी येऊन बसवतो.”

त्याने पेटीचा एक स्क्रूसुद्धा काढला नाही. पुढे हे मला अनेकदा आठवलं. चार स्क्रू काढले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण त्याला परतीची गाडी पकडायची होती.

जावईसाहेबांनी माझं रजिस्टर उचललं. पानं उलटली. टिकल्यांवरून बोट फिरवत खाली आले.

“सोमवारी सुट्टी. मंगळवारी सकाळी पण सहाशे चाळीस आहे. हे काय, टिकल्या आहेत. मंगळवारी दुपारी दोनशे छप्पन्न.” त्यांनी वर बघितलं. “म्हणजे मंगळवारी सकाळनंतर कुणीतरी हात मारला. मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत खोली कुणाकडे होती?”

जेवणाच्या सुट्टीत चाचा एसी बंद करून पुन्हा लावत. हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या क्षणी मला बोलायला हवं होतं. साहेब, त्या टिकल्या खोट्या आहेत, मी आकडा बघितलेलाच नाही, मेमरी कधी गेली ते मला ठाऊक नाही. एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडात आलं होतं. पण ते बोलले तर नोकरी गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि नोकरी गेली की गारगोटीला परत आणि घरचे म्हणणार, झाला एवढा शहाणपणा पुरे. मी खाली बघत राहिले. जावईसाहेबांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि मी घेऊ दिला.

चाचांना बोलावलं. त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली. शिडीवरून उतरून आले होते, हात पुसत होते.

“चिपा कुठायत?” जावईसाहेब म्हणाले.

“कसल्या चिपा, सायब?”

“मशीनमधल्या. तुला चांगलं ठाऊक आहे. तू ही पेटी उघडलीस की नाही? खरं सांग.”

चाचांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. इतका वेळ की मला ते विचित्र वाटलं. मग म्हणाले, “उगडली हुती. का उगडली ते तुमास्नीबी ठावं हाय.”

“उलटं बोलू नकोस. उघडलीस हे कबूल केलंस, बस झालं.” ते स्टोअरवाल्याकडे वळले. “ऐकलंत ना?”

चाचांना तिथल्या तिथे कामावरून काढलं आणि जाताना फाटकावर त्यांची पिशवी उलटी केली. डबा उघडायला लावला. डब्यात भाकरी आणि कांदा होता, वॉचमनने भाकरी उचलून खाली बघितलं. मी खिडकीतून बघत होते. माझ्या शेजारी टायपिस्ट उभा होता. तो म्हणाला, “असंच असतंय यांचं.” यांचं म्हणजे कुणाचं, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बावीस वर्षं ज्याने ह्या माणसाच्या टेबलावरचा पंखा दुरुस्त केला, त्याच्याबद्दल त्याला दुसरं काही सुचलं नाही. तिरस्कार कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्यातला बराच मी स्वतःकडेही वळवला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. मी रोज मशीन सुरू करत होते, रोज आकडा बघून रजिस्टरात खरा लिहीत होते, दोनशे छप्पन्न, दोनशे छप्पन्न, आणि त्याचा आता कुणाला उपयोग नव्हता. कपाटात मशीनबरोबर आलेलं एक पातळ पुस्तक होतं. इंग्रजी, तेही मोडकं, कुठल्या देशात छापलेलं कोण जाणे. शनिवारपर्यंत मी ते उघडलं नव्हतं. शनिवारी उघडलं कारण कुणी माझ्याशी बोलत नव्हतं आणि बसायला काही तरी कारण हवं होतं. त्यात मेमरीच्या चिपा कुठे असतात त्याचं चित्र होतं. नऊ-नऊच्या चार ओळी. आणि खाली एक तक्ता होता, ‘बटणांची मांडणी’ अशा अर्थाच्या मथळ्याचा. मला तो नीट कळला नाही, पण पुस्तक मी पिशवीत घातलं.

सोमवारी कारखान्याला सुट्टी. मी पत्ता विचारत चाचांच्या घरी गेले. सकाळचे अकरा वाजले होते. ते दारातच एका मोटारीवर तार गुंडाळत बसले होते. मला बघून उठले नाहीत.

“चाचा, मी आलो,” मी म्हटलं. तोंडातून घरचंच निघालं.

“बसा,” ते म्हणाले. तार गुंडाळणं थांबलं नाही.

मी रजिस्टरचं सगळं सांगितलं. टिकल्यांचं, बुधवारी गप्प बसल्याचं. सांगून झाल्यावर मी विचारलं, “पेटी तुम्ही का उघडली होती?”

“तुमी रजेवर गेलतासा त्या दिवशी. सायबाचं पावणं आलतं कुरुंदवाडचं, चार-पाच जण. सायब मला म्हणलं, चाचा, झाकान काढ, पावण्यास्नी आतलं दावू. म्या म्हटलं, सायब, हितं कागुद चिकटवलाय, फाटंल. म्हणलं, फाटू दे, मशीन माजं हाय. काढलं झाकान.”

“मग?”

“मग काय. माज्या कानावरची पेन्सिल घेतली आन् टोचून टोचून दावत बसलं. ह्यो मेंदू, ह्यो अमकं, ह्यो तमकं. त्यास्नी काय ठावं? तितं एक निळी डबी हाय, आंगठ्याएवढी, तिच्यावर बारीक बारीक बटनं. पांढरी. म्हणलं, ही दिव्याची बटनं. पावणं हासलं. त्यातलं एक-दोन खाली-वर केलं सायबानं, आवाज येतोय का बघा म्हणून. म्या झाकान लावलं.”

“आणि चिपा?”

“एकबी जागा रिकामी नव्हती. सगळीकडं काळं किडं बसल्यालं, वळीनं.”

मी पिशवीतून पुस्तक काढलं. तो तक्ता त्यांच्यापुढे धरला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रातली डबी त्यांनी लगेच ओळखली. “हीच. आठ बटनं.” मी खालची ओळ लावून लावून वाचली. तिसरं आणि चौथं बटण. ती दोन्ही एका बाजूला असली तर सगळ्या चार ओळी चालू. त्यातलं एक फिरवलं की मशीन धरून चालतं की आत दोनशे छप्पन्नच आहे, आणि पुढच्या ओळींना हाकच मारत नाही. चिपा आत बसलेल्या असतात. डॉसला बटण जेवढं सांगतं तेवढंच खरं वाटतं.

इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी ह्या माणसाचा डबा फाटकावर उघडला होता.

“तुम्ही बुधवारीच का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर?”

तेव्हा त्यांनी तार खाली ठेवली. “म्या सांगितलं की. तुमास्नीबी ठावं हाय म्हटलं. त्यो गप झाला न्हाय, त्यानं मलाच गप केलं. आन् तुमी तितंच हुतासा. माज्याबाजूनं एक माणूस बोललं असतं तर पुडचं म्या बोललो असतो.”

निघताना मी त्यांच्याकडे स्क्रू काढायला बारीक पेचकस मागितला. त्यांनी दिला, पण हातात नाही, ओट्यावर ठेवला.

मंगळवारी मी जावईसाहेबांकडे गेले नाही. सरळ भट्टीकडे गेले. मोठे मालक तिथे ओतकाम बघत उभे असत, पायात जाड बूट, डोक्याला टॉवेल. त्यांच्याशी मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

“मालक, मशीनच्या चिपा चोरीला गेलेल्या नाहीत. मी उघडून दाखवते. तुम्ही चला.”

“जावयाला सांग.”

“त्यांच्यासमोरच दाखवायचंय. पण तुम्ही पाहिजेत.”

त्यांनी मला खालून वर बघितलं, टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि चालू लागले. बूट घालूनच खोलीत शिरले, त्यांना चपला काढा म्हणायची कुणाची छाती नव्हती. जावईसाहेब धावत आले.

“हे काय चाललंय? सील असलेली पेटी उघडायचा अधिकार तुला कुणी दिला?”

“सील आधीच फाटलंय, साहेब,” मी म्हटलं आणि स्क्रू काढायला लागले. एक स्क्रू कार्पेटवर पडला, तो मोठ्या मालकांनी वाकून उचलला.

झाकण काढलं. काळ्या चिपांच्या चार ओळी. मी मोठ्याने मोजल्या, एक ते छत्तीस. छत्तीस झाल्यावर पुस्तकातलं चित्र पुढे केलं. मग निळी डबी दाखवली. चौथं बटण उलट्या बाजूला होतं. बोट जात नव्हतं, म्हणून मी केसातली पिन काढली आणि त्या पिनेने बटण सरकवलं. झाकण न लावताच मशीन सुरू केलं.

चौसष्ट. एकशे अठ्ठावीस. आकडा दोनशे छप्पन्नवर आला. तो थांबला नाही. सहाशे चाळीसवर थांबला. मी डॉसला विचारलं, डॉसनेही सगळी मेमरी सांगितली. पुण्याची फ्लॉपी घातली, वेळापत्रकाचा प्रोग्रॅम उघडला.

मोठे मालक वाकून निळ्या डबीकडे बघत होते.

“ते बटान कुणी फिरवलं?” मोठे मालक म्हणाले.

“मी रजेवर होते त्या गुरुवारी पेटी उघडली होती. कुणी उघडायला सांगितली ते साहेबांना विचारा. आणि रजिस्टरमधल्या टिकल्या खोट्या आहेत. मी आकडा बघत नव्हते. चाचांवर आळ आला तो माझ्या टिकल्यांमुळे. मी बुधवारीच सांगायला हवं होतं.”

जावईसाहेबांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज थंड होता. “बघा, मामा. स्वतः कबूल करतेय. खोटं रजिस्टर. वर परस्पर मशीन उघडलं.” आणि मग, “वायरमननं झाकण काढलं. मी फक्त नको म्हटलं नाही, एवढंच.”

मोठ्या मालकांनी जावयाकडे बघितलं. त्यांना सगळं समजलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. भट्टीचा रंग बघून लोखंडाचा कस सांगणारा माणूस तो. त्यांना घरात मुलगी होती आणि समोर जावई होता. ते एवढंच म्हणाले, “चाचाला बलवून घ्या. आन् ह्या खोलीत पावणं आणायचं बंद करा.” आणि बूट वाजवत निघून गेले.

दुपारी मला मेमो मिळाला. दोन कारणं. रजिस्टरात चुकीच्या नोंदी, आणि परवानगीशिवाय यंत्र उघडणे. पहिलं कारण खरं होतं, त्याखाली मी सही केली. दुसऱ्याखाली केली नाही. जावईसाहेबांनी कागद परत पाठवला, मी परत पाठवला. तो कागद तीन दिवस आमच्या दोन टेबलांमध्ये फिरत होता, शिपाई कंटाळला. शेवटी तो कुठे गेला मला माहीत नाही.

गुरुवारी तो पुण्याचा इंजिनिअर पुन्हा आला. नवा शिक्का चिकटवला आणि आपल्या छापील कागदावर लिहिलं की दोष इंजिनिअरने शोधून दूर केला. ग्राहकाची सही म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला.

“हे तुम्ही दूर केलं नाही,” मी म्हटलं.

“फॉर्मॅलिटी असते, मॅडम.” पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून बोलला.

“मी सही करणार नाही. तुम्ही त्या दिवशी एक स्क्रू काढला असता तर एका माणसाची अब्रू वाचली असती. ते लिहा, मग सही करते.”

त्याने खांदे उडवले आणि कागद जावईसाहेबांकडे नेला. तिथे सही मिळाली.

त्याच दिवशी दुपारी चाचा आले. मला वाटलं, कामावर आले. ते त्यांचा हत्यारांचा डबा न्यायला आले होते. मी पेचकस परत द्यायला बाहेर गेले आणि म्हटलं, “चाचा, मालकांनी बोलावलंय ना? राहा की. सगळ्यांना खरं कळलंय.”

“कळलंय, व्हय,” ते म्हणाले. “तुमी खरं बोललासा, बाई. पर सहा दिवसांनी. सहा दिवस माजी पोरगी शेजारणींच्या फुडनं पान्याला जात हुती, ते सहा दिवस कोण परत दील?”

“माझं चुकलं.”

“चुकलं, हां.” त्यांनी ते नुसतं मान्य केलं. माफही केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. पेचकस डब्यात टाकला, झाकण लावलं, आणि गेले. माझी अशी समजूत होती की चूक कबूल केली की समोरचा माणूस निदान अर्धा तरी विरघळतो. तसं काही नसतं.

मी त्या कारखान्यात आणखी आठ महिने काढले. वेळापत्रकाचा प्रोग्रॅम उत्तम चालला. जावईसाहेब आलेल्या प्रत्येकाला खोलीच्या दारातून तो दाखवत आणि म्हणत की सुरुवातीला मेमरीचा त्रास होता, तो आम्ही सोडवला. आठ महिन्यांत ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. शेजारी उभं राहून टायपिस्टला सांगत, “त्या बाईंना म्हणावं, आजचा तक्ता काढा.” टायपिस्ट माझ्याकडे वळून म्हणे, “आजचा तक्ता काढा.” मी दोघांकडेही न बघता काढत असे. मग एका शिकवणी केंद्रात काम मिळालं आणि मी राजीनामा दिला. तिथे शिकवताना पहिल्याच तासाला मी पेटी उघडून दाखवत असे.

दोन-तीन वर्षांनी मावशीच्या मिक्सरची मोटार जळाली. चाचांनी मोटारी भरायचं स्वतःचं दुकान टाकलं होतं, ते मला ठाऊक होतं. जवळ दुसरी दोन दुकानं होती, तरी मी मुद्दाम तिथे गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. त्यांनी मोटार हातात घेतली, वास घेतला, फिरवून बघितली.

“वायंडिंग जळलंय. परवा या.”

“चाचा, मला ओळखलंत ना?”

“वळखलं की,” ते म्हणाले आणि मागच्या गिऱ्हाइकाचं सामान घ्यायला हात पुढे केला. परवा मी गेले तेव्हा मोटार तयार होती. त्यांनी ती लावून, चालवून दाखवली, बंद केली आणि माझ्यापुढे ठेवली. मिक्सर पुढे बरीच वर्षं चालला.